मोटर मुठीत मावते, मजुरी मावत नाही

गाडीच्या एसीतून चालकाला गार आणि शेजारच्याला कोमट हवा येऊ लागली, पायाकडे वळवलेला झोत तोंडावरच येत राहिला किंवा गाडी सुरू करताच डॅशबोर्डच्या आतून टक-टक ऐकू येऊ लागली, तर दोष गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा असेलच असे नाही. बऱ्याचदा तो मुठीत मावेल एवढ्या एका मोटरचा असतो. डॅशबोर्डमागे प्लास्टिकची एक मोठी पेटी बसवलेली असते. हवा गार करणारी कूलिंग कॉइल तिच्यातच असते आणि हीटरही तिथेच. हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची, ती किती गार ठेवायची आणि काचेवर, तोंडावर की पायांवर सोडायची, हे ठरवणारे फ्लॅपही त्याच पेटीत असतात. साध्या गाड्यांत हे फ्लॅप पुढच्या खुंटीला जोडलेल्या केबलने फिरतात. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्यांत ते काम विजेच्या छोट्या मोटरी करतात. गॅरेजमध्ये त्यांना फ्लॅप मोटर म्हणतात, कंपनीच्या कागदांत ॲक्चुएटर. आत एक मोटर, प्लास्टिकची चार-दोन दातेरी चाके आणि फ्लॅप नेमका कुठे आहे हे संगणकाला कळवणारा सेन्सर, एवढाच तिचा संसार. चाकाचा दात तुटला की मोटर जागच्या जागी घसरत राहते, फ्लॅप हलत नाही आणि संगणक पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

या मोटरची किंमत गाडीनुसार काही शे ते काही हजार रुपये असते. बदलायचे म्हणजे दोन-तीन स्क्रू आणि एक प्लग काढायचा, नवी मोटर बसवायची आणि फ्लॅपची दोन्ही टोके संगणकाला नव्याने ओळखू द्यायची. हात पोचला तर हे थोडक्या वेळाचे काम आहे. काही मोटरी पायाजवळून किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागून निघतातही. काही मात्र अशा जागी असतात की डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय त्या दिसतही नाहीत. याचे कारण गाडी जुळवण्याच्या पद्धतीत आहे. अनेक कारखान्यांत एसीची पेटी, वायरिंगचा जुडगा, आडवी पोलादी तुळई, एअरबॅग आणि डॅशबोर्ड यांचे एकसंध युनिट गाडीबाहेर जुळवतात आणि दाराच्या मोकळ्या जागेतून एका हालचालीत आत सरकवतात. जोडणीच्या साखळीवर त्याने वेळ वाचतो. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र हाच प्रवास उलटा आणि हाताने करावा लागतो. बॅटरी सोडवायची, एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचे, मग स्टीअरिंग, मधला कन्सोल, स्क्रीन आणि डझनावारी क्लिपा आणि प्लग काढायचे, तेव्हा कुठे ते तुटके चाक हाती लागते. परत जोडताना एखादी क्लिप मोडली, तर पुढे प्रत्येक खड्ड्याला डॅशबोर्ड खडखडतो. जुन्या गाडीचे मालक ‘डॅश खोलावा लागेल’ या वाक्याला घाबरतात ते काही उगाच नव्हे.

हा खर्च गॅरेज ठरवत नाही. गाडी रस्त्यावर येण्याच्या काही वर्षे आधी, आरेखन होत असतानाच, तो ठरून गेलेला असतो. कोणता भाग कशाच्या मागे बसवायचा हे ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी तो बदलायला किती तास लागतील हेही ठरते. हे तास कंपनीला ठाऊक असतात आणि ग्राहकाला नसतात. गाडी घेताना तो किंमत, मायलेज, एअरबॅगची संख्या, सुरक्षेचे तारे हे सगळे पाहतो. डॅशबोर्डमागचे तास पाहायची सोय त्याला कुठेच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की नेहमीच्या दुरुस्त्यांना लागणारे तास प्रत्येक कंपनीने विक्रीच्या आधी जाहीर करावेत आणि सरकारने ते सक्तीचे करावे. दुरुस्तीच्या हक्काची आपल्याकडची चर्चा सुटे भाग आणि माहिती या दोन मुद्द्यांवर येऊन थांबली आहे. भागापर्यंत हात पोचणे हा तिसरा मुद्दा तिच्यातून निसटला आहे.

पहिल्या दोन मुद्द्यांवर थोडेफार काम झाले आहे, हे मान्य करायला हवे. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. तीन कंपन्यांच्या अपिलावर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाची आकारणी बदलली, पण दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ मध्येच दुरुस्तीची माहिती खुली करण्याच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला होता. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे आहेत. हे सगळे आवश्यकच होते. पण मोटर बाजारात मिळते, तिचा क्रमांक ठाऊक आहे, काम करायची रीतही छापलेली आहे आणि तरीही ती बसवायला गाडी दोन दिवस उभी राहते, तेव्हा हक्क कागदावर पुरा आणि खिशात अपुरा असतो.

‘तिथे जागाच नसते, इंजिनिअर तरी काय करणार’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. ते त्याच पेटीत तपासून पाहता येते. केबिनचा एअर फिल्टर याच पेटीत, फ्लॅप मोटरपासून हातभर अंतरावर असतो. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स खाली पाडला की तो स्क्रूड्रायव्हरशिवाय बाहेर येतो. ब्लोअरची मोटरही बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूने निघते. फिल्टर दर सर्व्हिसिंगला तपासायचा आणि ठरावीक काळाने बदलायचा असतो, त्याची विक्री हा नियमित व्यवसाय आहे, म्हणून आरेखन करणाऱ्याला त्यासाठी वाट ठेवायला सांगितलेले असते. फ्लॅप मोटरसाठी तसे कोणी सांगितलेले नसते. एसी डॅशबोर्डमागे आला तोही सोय पाहूनच. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा एसी दिला तेव्हा कूलिंग कॉइल मागच्या डिकीत होती आणि एसी पुरता बंद ठेवायचा तर बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढे आणली ती जागा, किंमत आणि वापर या तिन्ही अंगांनी चांगली होती म्हणून. गाडीत जागा कमीच असते, आणि ती कोणाला आधी द्यायची हे दर वेळी कोणीतरी ठरवत असते. १९९९ ते २००४ या काळातल्या जीप ग्रँड चेरोकीचे फ्लॅप मोडू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या बाहेरच्या बाजाराने एक तोड काढली. पेटीच्या प्लास्टिकलाच नेमक्या जागी खिडकी कापायची, तिथून धातूचा फ्लॅप बसवायचा आणि खिडकी पुन्हा बंद करायची. डॅशबोर्ड जागेवरच राहतो. अशी खिडकी साच्यातच ठेवणे किती सोपे होते, हे ज्यांनी गाडी बनवली नव्हती त्यांनी दाखवून दिले.

कोणता भाग हाताशी ठेवायचा हे ठरते ते बिल कोण भरतो यावर. गाडीच्या नाकाचे उदाहरण घ्या. हळू वेगातल्या टकरीचे बिल बहुतेक वेळा विमा कंपनी भरते. एका ग्राहकाला जे जमत नाही ते विमा कंपन्यांना जमले. दुरुस्तीचा खर्च अभ्यासणाऱ्या त्यांच्या संस्थांनी १९७२ मध्ये ‘आरकार’ नावाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली आणि ताशी १५ किलोमीटर वेगाने गाडी आदळवून दुरुस्तीचा खर्च मोजायची चाचणी रूढ केली. ब्रिटनमध्ये थॅचम या संस्थेच्या अभ्यासाचा आधार गाडीचा विमा-गट ठरवताना घेतला जातो. दुरुस्ती महाग, तर हप्ता महाग, हे गणित विक्रीच्या दिवशीच ग्राहकासमोर येते. या दबावाचा परिणाम बंपरमागे पाहायला मिळतो. अनेक गाड्यांत तिथे बोल्टने बसवलेले चुरडपात्र डबे असतात. धक्का ते झेलतात, मोडले की काढून नवे लावता येतात आणि मुख्य सांगाडा कापावा लागत नाही. मोजमाप आले, त्यामागे पैसा आला आणि आरेखन बदलले. डॅशबोर्डमागे असे काहीच घडले नाही, कारण तिथला बिघाड विम्यात बसत नाही आणि बहुधा हमीची मुदत संपल्यावर उद्भवतो. हमीच्या काळात तो वारंवार झाला, तर कंपनीचा खर्च होतो आणि ती लगेच जागी होते. नंतर तो विखुरलेल्या हजारो मालकांचा खासगी खर्च असतो, आणि त्यांची बेरीज कोणी करत नाही.

आपल्याकडे ही बेरीज मोठी आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि योग्यता तपासणीनंतर ती पुढे वाढवता येते. म्हणजे गाडी किमान दीड दशक चालेल हे सरकारनेच धरले आहे, तर कंपनीची मूळ हमी त्यातला थोडासाच काळ पुरते. उरलेल्या काळात गाडी अनेकदा हात बदलते. महागड्या गाडीतला क्लायमेट कंट्रोल जुन्या बाजारातून अशा कुटुंबाकडे येतो, ज्याला ती गाडी नवी घेणे परवडले नसते. पहिल्या मालकाने सोय उपभोगली आणि दुसऱ्याच्या वाट्याला डॅशबोर्ड खोलणे आले. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते, की विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नसेल, तर चांगल्या मालालाही योग्य भाव मिळत नाही. दुरुस्तीच्या तासांचे तेच झाले आहे. एखाद्या कंपनीने खर्च करून फ्लॅप मोटरसाठी सुबक खिडकी ठेवली, तरी शोरूममध्ये तिचे श्रेय मिळायची सोय नाही. मग ती खिडकी ठेवील कशाला?

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. डॅशबोर्डमागची पोलादी तुळई बाजूने बसणारा धक्का झेलते आणि स्टीअरिंग जागेवर धरते. भारतात नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्या आसनाची २०२१ पासून सक्तीची होत गेली, त्यामुळे मागच्या गर्दीत भर पडली. पेटीला जितकी झाकणे तितकी गळती आणि खडखड वाढते, हेही खरे. तेव्हा प्रत्येक भाग हाताशी हवा असा हट्ट कोणी धरू नये. पण हाच मुद्दा दुसऱ्या बाजूनेही लागू पडतो. एका प्लास्टिकच्या चाकासाठी एअरबॅगचे प्लग काढावे लागणे आणि तुळई सैल करावी लागणे, हे सुरक्षेला पोषक कसे? नीट प्रशिक्षण नसलेल्या हातांनी हे काम होणार, हे आपल्या गॅरेजांचे वास्तव आहे. त्यातून निघणारा नियम साधा आहे. जे हलते आणि झिजते ते सुरक्षेच्या भागांना धक्का न लावता निघाले पाहिजे, आणि जे हलत नाही ते खोल गेले तर चालेल. शिवाय फ्लॅप स्वतःच सुरक्षेचा भाग आहे. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा हवा काचेवर वळवणारा फ्लॅप अडकलेला असेल तर पुढचे वळण दिसत नाही. काचेवरचे दव आणि हिम हटवण्याच्या यंत्रणेसाठी अमेरिकेत स्वतंत्र संघीय सुरक्षा मानकच आहे.

दुसरा आक्षेप असा, की भारतात मजुरी स्वस्त आहे, त्यामुळे तासांचे एवढे काय घेऊन बसायचे. मजुरीचा दर कमी असला तरी तास तितकेच राहतात, आणि गाडी उभी राहिल्याचा तोटा मजुरीत मोजला जात नाही. टॅक्सी चालवणाऱ्याची दोन दिवसांची कमाई बुडते ती बिलात दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. उन्हाळ्यात विदर्भातून जाणाऱ्या चालकासाठी तो योग्यच निर्णय आहे, पण त्याबरोबर एसीची दुरुस्ती हा आता मालवाहतुकीच्या खर्चाचाही भाग होणार आहे. पर्यावरणाचा हिशेबही आहे. नुसती फ्लॅप मोटर बदलताना गॅसला सहसा हात लावावा लागत नाही, पण कूलिंग कॉइल गळू लागली किंवा सबंध पेटी बाहेर काढावी लागली, तर गॅस आधी काढून घ्यावा लागतो. तो यंत्राने परत न घेता हवेत सोडून देणारी गॅरेजे कमी नाहीत. आपल्या असंख्य गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवतो. पेटी उघडण्याची वेळ जितकी कमी येईल तितके बरे.

आता मागणीकडे वळू. तिच्यात नवे संशोधन, नवी प्रयोगशाळा किंवा नवे खाते यांपैकी काही लागत नाही. हमीतले काम केल्यावर डीलरला किती पैसे द्यायचे यासाठी प्रत्येक दुरुस्तीला किती वेळ धरायचा, याचा तक्ता कंपन्यांकडे आधीपासून असतो. त्यातल्या वीस-पंचवीस नेहमीच्या कामांच्या ओळी, जसे फ्लॅप मोटर, कूलिंग कॉइल, ब्लोअर, क्लच, टायमिंग चेन, दिव्याचा बल्ब, सरकारने ठरवाव्यात आणि कंपनीने त्या शोरूममध्ये, किंमतपत्रकावर आणि पोर्टलवर छापाव्यात. सोबत एक खूणही असावी, ती म्हणजे काम झाल्यावर संगणकाला नवा भाग ओळखू देण्यासाठी कंपनीचेच उपकरण लागते की नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच अशा वस्तूंवर दुरुस्तीचा निर्देशांक छापायला लावला आणि त्यात वस्तू किती सहज उघडते याला गुण ठेवले. आपल्याकडेही मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी असा निर्देशांक सुचवायला २०२४ मध्ये समिती नेमली गेली. काही हजारांच्या फोनला जो न्याय, तो काही लाखांच्या गाडीला नको का? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क देतो, आणि दीड दशक वापरायच्या वस्तूच्या किमतीत तिच्या दुरुस्तीची किंमतही धरायलाच हवी.

यावर दोन शंका येतील. पहिली, प्रत्येक गॅरेजात वेळ वेगळा लागतो, मग छापलेल्या आकड्याला अर्थ काय? मायलेजचा अनुभव इथे उपयोगी पडतो. पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीतले मायलेज रस्त्यावर मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा कामाला येतो, कारण दोघींना माप एकच लावलेले असते. तासांचेही तसेच होईल. दुसरी शंका, कंपन्या आकडे कमी करून छापतील. तसे केले तर त्याच तक्त्याने पैसे मिळणारे डीलर आधी ओरडतील आणि छापलेल्यापेक्षा जास्त तासांची मजुरी ग्राहकाकडून मागणे अवघड होईल. म्हणजे खोट्याला आतूनच लगाम आहे. हे भाग क्वचितच बिघडतात, असे कंपन्यांचे म्हणणे असेल तर आकडा छापण्यात त्यांचे काहीच जात नाही; आणि ते वारंवार बिघडत असतील, तर तो आकडा ग्राहकाला कळायलाच हवा. यात परवाना राज कुठेही येत नाही. डॅशबोर्ड कसा बनवायचा हे सरकारने सांगू नये, बनवला तो उघडायला किती वेळ लागतो एवढे कंपनीला सांगायला लावावे.

हे घडायला महाराष्ट्राइतकी अनुकूल जागा दुसरी नसेल. पिंपरी आणि चाकणच्या परिसरात देशातल्या गाड्यांचा मोठा वाटा बनतो, काही कंपन्यांचे आरेखनही इथेच होते आणि एआरएआयही पुण्यातच आहे. भारत एनकॅपची तारांकित सुरक्षा चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तारे मिरवणाऱ्या जाहिराती आपण पाहतो आहोत, आणि त्या ताऱ्यांसाठी कंपन्या आरेखन बदलतात हेही दिसते आहे. दुरुस्तीचे तास छापून येऊ लागले, की ते कमी असणे हाही जाहिरातीचा मुद्दा होईल आणि पुढच्या मॉडेलच्या बैठकीत एसीच्या पेटीला खिडकी ठेवा म्हणणाऱ्या इंजिनिअरच्या हाती पहिल्यांदाच व्यवसायाचे कारण येईल. नियम होईपर्यंत ग्राहकालाही एक काम करता येईल. शोरूममध्ये मायलेज विचारताना कूलिंग कॉइल आणि फ्लॅप मोटर बदलायला कंपनीच्या तक्त्याप्रमाणे किती तास लागतात, हे लेखी मागावे. उत्तर बहुधा मिळणार नाही. पण हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर विक्री खात्याला तो आरेखन खात्याकडे न्यावाच लागेल.